खानापूरहून उन्हाळ्यात मालवणला कामाला आलोय. पहिल्यांदाच समुद्रात मासे धरायला बोलावलंय, जाऊ का?

जावा की! मी पण खानापूरकडचाच, एका मे महिन्यात तिकडं हॉटेलात कामाला होतो. मलप्रभेत गळ टाकलेला गडी म्हणून ऐटीत होडीत चढलो आणि अर्ध्या तासात सकाळचा चहा समुद्राला वाहिला. तट्ट जेवून जाऊ नका, पण रिकाम्या पोटीही नको. मळमळलं की नजर लांब क्षितिजावर ठेवा. मासा लागल्यावर दोरी बोटाला गुंडाळून ओढू नका. माझ्या तर्जनीवर वळ अजून आहे, आणि मिळाले किती, तर तीन बांगडे! लाइफ जॅकेट घाला, तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, सांगेल तिथंच बसा. जायचं तर मेमध्येच उरका, १ जूनपासून यांत्रिक बोटींना पावसाळी मासेमारीबंदी असते.