पार्ट ‘ऑर्डरला टाकलाय’, पण कुठल्या ऑर्डरला?

(आपली गाडी, आपले प्रश्न : या सदरात वाचकांना उत्तरं देणारे काका पुण्यातल्या एका डीलरकडे स्पेअर पार्टचा काउंटर सांभाळून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : काका, आमची सात वर्षांची डिझेल हॅचबॅक दीड महिना झाला, सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरला पडून आहे. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कॉलम गेलाय. फोन केला की ‘ऑर्डरला टाकलाय, बॅकऑर्डर दाखवतंय’ एवढंच सांगतात. आईचा गुडघा बदललाय. तिला फिजिओथेरपीला न्यायला बार्शीहून प्रत्येक वेळी भाड्याची गाडी करावी लागते. एक जण म्हणतो, भंगारातला कॉलम आणून बसव आणि मोकळा हो. बसवू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, तुम्ही कंपनीचं नाव आणि सेंटरचा पत्ता दोन्ही कळवलंय. ते छापत नाही, कारण नाव बदलून हेच पत्र मला महिन्यातून कितीतरी जण लिहितात.

आता काउंटरच्या आतली गोष्ट सांगतो. ‘बॅकऑर्डर’ म्हणजे गोडाऊनला माल नाही, येईल तेव्हा मिळेल. पण पहिली शक्यता अशी की ऑर्डर अजून गेलेलीच नाही. हे तुम्हाला कुणी तोंडाने सांगणार नाही. महागडा पार्ट मागवला आणि गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर तो डीलरच्या गळ्यात पडतो. म्हणून ॲडव्हान्स जमा झाल्याशिवाय पार्ट मॅनेजर ऑर्डर सोडत नाही. सर्व्हिस ॲडव्हायजर तुमच्याशी गोड बोलतो, पण ॲडव्हान्सचं तुम्हाला सांगायचं विसरतो, आणि दोघांच्या मध्ये तुमची गाडी धूळ खाते. तुम्ही ॲडव्हान्स भरलाय का, हे पत्रात नाही. भरला असेल तर पावतीवरची तारीख बघा. खरी वाट बघायला तिथून सुरुवात झाली असं धरा.

दुसरी गोष्ट ऑर्डरच्या प्रकाराची. डीलर ठरलेल्या वारी ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, वायपर असा माल एकगठ्ठा मागवतो, ती स्टॉक ऑर्डर. तुमचा कॉलम त्या गठ्ठ्यात गेला असेल तर तो रांगेत शेवटी. गाडी अडून पडली असेल तर वेगळी तातडीची ऑर्डर टाकता येते. तिला आम्ही व्हीओआर म्हणतो, व्हेइकल ऑफ रोड. तिच्यात तुमच्या गाडीचा चासी नंबर घालावा लागतो, आणि एका गोडाऊनला माल नसेल तर दुसऱ्या गोडाऊनला शोधला जातो. अशा ऑर्डरवर डीलरला सुटणारा पैसा बहुतेक वेळा कमी असतो. म्हणून विचारल्याशिवाय कुणी ती टाकत नाही. तुम्ही विचारा, आणि नुसतं ‘टाकली’ ऐकून परत फिरू नका. ऑर्डर नंबर, तारीख आणि पार्ट नंबर कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर घ्या.

पार्ट नंबर हातात आला की निम्मं काम झालं म्हणा. कंपन्या पार्टमध्ये बारीकसारीक सुधारणा करतात आणि नंबर बदलतात. जुन्या नंबरावर साठा शून्य दिसतो, आणि त्याच जागी बसणारा नव्या नंबराचा माल गोडाऊनला पडलेला असतो. काउंटरवरच्या नव्या पोराने पुढचा नंबर तपासलाच नाही, तर बॅकऑर्डर दिसतच राहणार. ‘हा नंबर पुढच्या नंबराने बदललाय का, एकदा चासी टाकून कॅटलॉग बघा’ एवढं वाक्य पार्ट मॅनेजरसमोर उभं राहून म्हणा. फोनवर नको. फोन ॲडव्हायजर उचलतो, आणि त्याच्यापुढे तो कॅटलॉग उघडलेला नसतो.

तोच नंबर घेऊन पुणे, कोल्हापूर, संभाजीनगर इथल्या त्याच कंपनीच्या डीलरांना तुम्ही स्वतः फोन करा. प्रत्येक डीलरकडे न खपलेला माल असतो. कुणी अपघाताची गाडी सोडून दिलेली असते, कुणाचा विमा नाकारला गेलेला असतो. त्यांच्यासाठी मागवलेला पार्ट वर्षानुवर्षं रॅकवर बसतो आणि मालक दर मार्चला त्याच्या नावाने बोटं मोडतो. असा कॉलम कुठे सापडला तर तो डीलर आनंदाने देईल. ऑर्डर क्लार्कला हे करायचा कंटाळा असतो, कारण त्यात त्याचं काही सुटत नाही.

भंगारातला कॉलम मात्र बसवू नका. मी भंगाराच्या विरोधात नाही. कुर्ल्याच्या बाजारातून आणलेला दरवाजा, आरसा, काच, अल्टरनेटर, स्टार्टर मी लोकांना बिनधास्त सुचवतो. स्टिअरिंग, ब्रेक आणि एअरबॅग या तीन गोष्टींना माझा नकार आहे. हा कॉलम कुठल्या गाडीतून निघाला, ती कशी ठोकली होती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. शिवाय त्याच्यातला टॉर्क सेन्सर, म्हणजे तुम्ही स्टिअरिंग किती जोराने फिरवता ते मोजणारा सेन्सर, गाडीला जुळवायला स्कॅनर लागतो. रस्त्याकडेच्या फिटरने नटबोल्ट आवळले आणि झालं, असं ते काम नाही. स्टिअरिंगला मदत करणारी मोटर चालत नसली तरी स्टिअरिंग जड होऊन फिरतं, म्हणून ‘तोवर अशीच चालवतो’ असा विचारही करू नका. वळणावर आईला घेऊन ते ओढत बसणं नको.

आणि एक, गाडी पडून आहे तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायला सांगा, जॉब कार्डवर किलोमीटर आणि पेट्रोल-डिझेलचा काटा लिहून घ्या, फोटो काढा. वर्कशॉपच्या मागच्या अंगणात उंदीर असतात, आणि वायरिंग त्यांना फार आवडतं.

प्रश्न : आमची गाडी भारतातून निघून गेलेल्या कंपनीची आहे. धावते छान, पण घरचे म्हणतात, उद्या काही मोडलं तर पार्ट मिळणार नाही, आत्ताच विका. तुमचं मत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, विकायची घाई करू नका, पण डोळे उघडे ठेवा. जनरल मोटर्सने 2017 च्या शेवटी इथली विक्री थांबवली. तळेगावचा कारखाना त्यानंतरही 2020 पर्यंत परदेशासाठी गाड्या काढत होता. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं सांगितलं, डॅटसन 2022 मध्ये गेली. त्या गाड्या आजही रस्त्यावर दिसतात, कारण गाडीतले सगळे पार्ट कंपनी स्वतः बनवत नाही. क्लच ल्यूक किंवा व्हॅलिओचा, इंजेक्शन बॉशचं, बेअरिंग, बेल्ट, ब्रेक पॅड आणखी कुणाचे. हे पुरवठादार कुठे गेले नाहीत. त्यांचाच माल त्यांच्या डब्यात पुण्याच्या नाना पेठेत मिळतो, आणि बऱ्याचदा शोरूमपेक्षा स्वस्त. काही इंजिनं तर भावकीतली आहेत. फियाटचं 1.3 मल्टिजेट घराणं पुंटो, लिनिया, स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा एवढ्या गाड्यांत पोचलं. बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आल्यावर 2020 मध्ये मारुतीने ते थांबवलं, तरी त्याचं काम येणारे मिस्त्री तालुक्याच्या गावी सापडतात. नंबर मात्र जुळवूनच घ्यायचा. इंजिन तेच असलं तरी टर्बो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) प्रत्येक गाडीचे वेगळे.

अडतं ते त्या एकाच गाडीला बसणाऱ्या वस्तूंपाशी. हेडलाइट, बंपर, डॅशबोर्ड, दाराची आतली पट्टी, ईसीयू. म्हणजे इंजिनापेक्षा किरकोळ धडक तुम्हाला जास्त महागात पडेल. आणखी चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर दोन्ही हेडलाइट आणि डावा आरसा आत्ताच घेऊन माळ्यावर ठेवा. डावाच का, ते नाशिकच्या शालिमारला एकदा गाडी घालून बघा. रोज शंभरेक किलोमीटर धावणारी गाडी असती तर मी विका म्हटलं असतं.

प्रश्न : अपघातानंतर सर्व्हेअरने दुरुस्ती मंजूर केली, पण पुढचा बंपर आणि रेडिएटर सपोर्ट मिळत नाही म्हणून गाडी अडकलीय. टॅक्सीचा खर्च विमा कंपनी देईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : साध्या पॉलिसीत नाही. रोजच्या भत्त्याचं ॲड-ऑन घेतलं असेल तर ठरावीक दिवसांपुरता मिळतो; किती दिवस आणि कुठल्या तारखेपासून, ते तुमच्या पॉलिसीच्या कागदात वाचा. वाट बघताना आणखी एक हिशेब करून ठेवा. झीरो डेप, म्हणजे पार्टची घसारा-कपात न करणारं ॲड-ऑन नसेल तर बंपरसारख्या प्लॅस्टिक पार्टचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात. आणि उघडल्यावर आतलं नुकसान वाढून एकूण खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, तर गाडी टोटल लॉसमध्ये धरतात, म्हणजे दुरुस्त न करता हिशेब मिटवतात. जुन्या गाडीत पार्टचे भाव चढले की ही रेषा पटकन ओलांडली जाते. म्हणून आत्ताच सर्व्हेअरकडून सुधारित अंदाजपत्रकाची प्रत मागा.

प्रश्न : 11 लाखांची गाडी, वॉरंटीत आहे. एक कंट्रोल मॉड्यूल यायचं म्हणून तीन महिने झाले, आणि कारण ‘चिपचा तुटवडा’. कुठे तक्रार करायची?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चिपचं कारण 2021 मध्ये खरं होतं. त्या मार्चमध्ये जपानमधल्या रेनेसास या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली आणि आधीच ओढाताण असलेल्या बाजारात भर पडली. आज तेच कारण देत असतील तर लेखी द्यायला सांगा. बरेचदा लेखी मागितलं की कारण बदलतं.

आधी डीलर आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकत्र ईमेल करा. त्यात जॉब कार्ड नंबर, ऑर्डर नंबर, तारखा आणि तुम्ही दिलेली मुदत असू द्या. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथून तक्रार थेट कंपनीकडे जाते, आणि डीलरच्या डोक्यावरून गेलेली तक्रार डीलरला आवडत नाही. तिथेही नाही निघालं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, आणि तुमच्या किमतीला फी 400 रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार जायला हवी.

पार्टवर कंपन्यांनी किती पकड ठेवावी, हा वाद जुना आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, कारण अस्सल पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळत नव्हती. कंपन्यांनी त्याला पुढे आव्हान दिलं. तुमच्या तक्रारीत तो निकाल ओढू नका, वकिलाला बोलायला विषय मिळेल आणि तुमचं मॉड्यूल मागे पडेल. मागणी साधी ठेवा. अमुक तारखेपर्यंत पार्ट, तोवरच्या प्रवासखर्चाच्या पावत्या, आणि गाडी जितके दिवस त्यांच्याकडे उभी राहिली तितके दिवस वॉरंटी वाढवून. शेवटची मागणी कंपन्या बऱ्याचदा आयोगापर्यंत न जाताच मान्य करतात, म्हणून ती पहिल्या ईमेलमध्येच घाला.