मार्कोस कमांडो व्हायला बारावीनंतर स्पेशल अकॅडमी लावावी का?

तू विचारलंयस की तालुक्याच्या अकॅडमीत 'मार्कोस स्पेशल बॅच' निघालीय, फी भरू का. नको भरूस. मार्कोस म्हणजे नौदलाचे कमांडो, त्यांची थेट भरती नसतेच. आधी नौदलात लागायचं, नाविक म्हणून नाहीतर अधिकारी म्हणून, आणि मग आत गेल्यावर स्वतःहून नाव द्यायचं. बारावीच्या पोराला 'मार्कोस बनवतो' म्हणणारा माणूस एकतर थापाड्या असतो नाहीतर माझा चुलतभाऊ.

मी मुरूडकडचा, कोळ्याचा पोर. २०११ साली जहाजावर असताना नाव दिलं. पाण्याची भीती नव्हती, पोहायला वडिलांच्या होडीवरून उड्या मारतच शिकलो. सुरुवातीला तीन दिवसांची शारीरिक चाचणी असते, बरीचशी पोरं तिथेच गळतात. पाण्यात मी पहिल्या पाचात होतो. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाठीवर वजन घेऊन पळताना बुटाची लेस बांधायला खाली बसलो. बसलो तो उठलोच नाही. प्रशिक्षक ना ओरडला, ना शिवी दिली. "जाना है?" म्हणाला. मी म्हटलं, "हाँ सर." त्याने पुन्हा एकदा विचारलं, मी पुन्हा तेच. कुणीतरी हातात स्टीलचा मग दिला. चहा पिताना बुटाकडे नजर गेली. लेस सुटलीच नव्हती.

घरी सांगितलं, गुडघा गेला. आई अजून त्या गुडघ्याला तेल चोळायला सांगते.

पुढच्या वर्षी गणपतीला आलो तर एसटी स्टँडसमोर भावाच्या अकॅडमीचा भलामोठा फ्लेक्स, त्यावर मीच. मागे ताज हॉटेल, पुढे मी, खाली 'आमचे मार्गदर्शक, मार्कोस कमांडो'. आणि अंगात नाविकाचा पांढराशुभ्र गणवेश, गुळगुळीत दाढी! काश्मिरात वुलर सरोवरावर १९९५ पासून पहारा देणाऱ्या मार्कोसना लोक दाढीवाली फौज म्हणतात, हेही भावाला ठाऊक नव्हतं. भांडलो तर म्हणतो, "तीन दिवस होतास ना? मग?"

मग काय. २६/११ ला ताजमध्ये एनएसजी कमांडोंच्या आधी हेच लोक शिरले होते. त्यातल्या प्रवीण तेवतियांना तिथे गोळ्या लागल्या, फुप्फुस जायबंदी झालं, शौर्यचक्र मिळालं, आणि नंतर त्या माणसाने आयर्नमॅन शर्यत (पोहणं, सायकल, धावणं सलग) पूर्ण केली. त्यांच्या पंगतीत माझा फोटो लावायचा? मी तर उंबऱ्यावरच बसलो. तिथून पुढे पाच आठवडे झोपेचं खोबरं, मग आयएनएस अभिमन्यू या नौदल तळावर मूळ प्रशिक्षण (आमच्याच रायगडात, उरणला), आग्र्याला पॅराशूट, कोचीला डायव्हिंग, मिझोराममध्ये वैरेंगटेला जंगलातली लढाई.

फ्लेक्स उतरवायला लावला. पण मार्कोसची बातमी आली की तो परत उगवतो. मार्च २०२४ मध्ये एमव्ही रुएन जहाज सोडवायला वायुदलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस अरबी समुद्रात उतरले, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले. आठवड्याच्या आत मी पुन्हा स्टँडसमोर. या वेळी डोक्यामागे विमान होतं.

आता तयारीचं. पळ, पोह, जड बुटांत चालायची सवय कर. कपड्यांसकट पोहून बघ, पण एकटा नको, काठावर पोहणारं माणूस हवं. सिक्स-पॅकच्या नादी लागू नकोस. झोपमोडीची सवय मात्र कुठल्याच अकॅडमीत लागत नाही. मी लहानपणापासून मध्यरात्री उठून जाळी ओढलीयत, तरी बसलोच. आणि नाही जमलं तर घरी लेसचंच सांग, गुडघ्याचं नको. मी तेव्हाच खरं बोललो असतो तर भावाला फ्लेक्स छापायची हिंमत झाली नसती.

एक मात्र कबूल करतो, भाऊ पोरांना पळवतो चांगलं. त्याच्याकडून दरवर्षी दोन-चार पोरं लष्करात, नौदलात लागतात. त्याची साधी बॅचही आहे, फी निम्मी, तिथे जायला हरकत नाही. मी सांगितलं ते २०११ चं, वय-उंचीचे निकष नौदलाच्या चालू जाहिरातीतच बघ.

स्टँडसमोर पांढऱ्या गणवेशातला माणूस दिसलाच, तर तो तिथे शिकवायला येतो यावर विश्वास ठेवू नकोस. गेल्या आठ वर्षांत मी त्या मैदानात पाय ठेवलेला नाही.