कापसाच्या शेडमध्ये विमान जोडता येईल का?

प्रश्न : दोन आसनांचे अतिहलके विमान सुट्या भागांच्या संचातही मिळते आणि तयारही, असे वाचले. आमची कापसाची शेड उन्हाळ्यात रिकामी असते. तिथे संच जोडून शेतातूनच उड्डाण करता येईल का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : बंगळुरूच्या राजहंस अल्ट्रालाइट्सचे 'एक्स-एअर' हे याच प्रकारचे विमान असून, त्याच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या सांगाड्यावर डेक्रॉन या पॉलिएस्टर कापडाचे आवरण असते. संच स्वस्त पडतो, पण जोडणीला बराच वेळ द्यावा लागतो. ज्यांना केवळ उडायचे आहे, त्यांनी तयार विमानच घ्यावे, असे आमचे मत आहे. शेड चालेल, मात्र सरकीच्या वासाने येणारे उंदीर विमानाचे कापड आणि वायरीही कुरतडतील, हे ध्यानात असू द्यावे.

खरी अडचण शेताची आहे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात, की त्यांत पुढचे चाक अडकू शकते. त्यामुळे मुरूम टाकून दाबलेली पट्टी आवश्यक ठरते. शिवाय १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंश तापमानात हवेची घनता सुमारे १० टक्क्यांनी घटते, इंजिनाची शक्ती आणि पंखांची उचल दोन्ही कमी होतात, म्हणून मे महिन्यात भर दुपारी दोघांनी बसून उडण्याचा विचार करू नये. विमानाची नोंदणी, उड्डाणाची परवानगी आणि वैमानिकाचा परवाना यांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे अर्ज करावा, आणि तो संच मागवण्यापूर्वी करावा.