झिनफँडेलची जुनी बाटली नव्या बाटलीपेक्षा सरसच असते का? घरी दोन्ही चाखून तुलना कशी करावी?

तुम्ही लिहिलंय, की मामांनी अमेरिकेहून आणलेली 2016ची झिनफँडेल (याच नावाच्या द्राक्षाची लाल वाईन) कोल्हापुरातल्या घरी ठेवली आहे आणि ती अजून मुरू द्यावी का, हा प्रश्न आहे. माझं मत, आता उघडा.

लोणचं मुरतं तशी प्रत्येक वाईन मुरते असं आपण धरून चालतो. झिनफँडेलचं द्राक्ष वेगळं आहे. त्याचा घड एकसारखा पिकत नाही, एकाच घडात काही मणी हिरवे आणि काही सुकून मनुका झालेले सापडतात. हिरवे पिकेपर्यंत थांबलं की बाकीच्यांत साखर वाढते आणि वाईनमधलं अल्कोहोल सहज 15 टक्क्यांच्या आसपास जातं. वर्षं सरतात तशी फळाची चव ओसरते, अल्कोहोल मात्र तेवढंच राहतं. मग घशाला नुसती आग जाणवते.

जानेवारीत राजारामपुरीत मित्राच्या घरी आम्ही कॅलिफोर्नियाच्या एकाच मळ्यातल्या 2012 आणि 2020 च्या बाटल्या उघडल्या. 2020 ची गडद जांभळी. करवंद, पिकलेलं जांभूळ आणि गिळल्यावर काळी मिरी. 2012 चा रंग कडेला विटकरी झालेला, वास सुक्या अंजिराचा, तंबाखूचा आणि नव्या कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा! तुरटपणा जवळजवळ गेलेला. पहिली वीसेक मिनिटं मी 2020 च्या ग्लासला हात लावला नाही. पण अर्ध्या तासात 2012 ची फिकी पडली, तर 2020 ची तासाभराने आणखी खुलली. रोज प्यायची म्हटलं तर मी नवीच घेईन, पण ती वीस मिनिटं मला अजून आठवतात.

तुलना करायची तर उत्पादक एकच हवा, नाहीतर फरक वयाचा की मळ्याचा हे कळत नाही. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, साका तळाशी बसतो. शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या. दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि ओतणारा वेगळा ठेवा. तापमान 16 ते 18 अंश, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात आधी दीड-दोन तास फ्रीजमध्ये. आणि तांबडा रस्सा वाईन चाखून झाल्यावरच. तिखटाने अल्कोहोलची जळजळ दुप्पट वाटते.

साठवणीला 12 ते 14 अंशांची स्थिर थंडी लागते. मी एक चांगली बाटली दोन उन्हाळे लाकडी कपाटात ठेवली होती, उघडली तेव्हा करपलेल्या जॅमसारखी लागली. फार वाईट वाटलं. तुमचीही कपाटातच असेल तर पुढचा एप्रिल येऊ देऊ नका. जोडीला नाशिकची ताजी लाल झिनफँडेल आणा. मळा वेगळा असल्याने ती खरी तुलना होणार नाही, पण तरुण झिनफँडेलचं फळ कसं लागतं ते जिभेला कळेल.