‘पासून’ म्हणजे ‘सिन्स’ की ‘फॉर’?

प्रश्न : मी इंग्रजीत लिहिताना ‘पासून’ला ‘सिन्स’ आणि ‘पर्यंत’ला ‘टिल’ वापरते. निम्म्या वेळा ते चुकतं. ओळखायचं कसं?

‘सोमवारपासून आजारी आहे’ आणि ‘तीन दिवसांपासून आजारी आहे’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात आजार कधी सुरू झाला ते कळतं, दुसऱ्यात तो किती काळ चाललाय ते. मराठीला दोन्हीकडे ‘पासून’ चालतं. इंग्रजी मात्र सुरुवातीसाठी ‘सिन्स’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ घेते. खात्री करायची असेल तर ‘पासून’ काढून आधी ‘गेले’ किंवा ‘गेली’ लावा. ‘गेले तीन दिवस आजारी आहे’ बरोबर बसतं, म्हणजे ‘फॉर थ्री डेज’. ‘गेले २०१९’ असं कोणी म्हणत नाही, म्हणजे ‘सिन्स २०१९’.

एवढ्यावर काम संपत नाही, कारण क्रियापदाचा काळही फसवतो. मराठीत ‘दोन वर्षांपासून इथे राहतो’ हा साधा वर्तमानकाळ आहे. तोच उचलून ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ लिहिलं, की एका वाक्यात दोन चुका होतात. हवं ते असं : ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स’. आणि ‘उद्यापासून’ला दोन्ही चालत नाहीत, तिथे ‘फ्रॉम टुमॉरो’.

‘पर्यंत’चं दुखणं वेगळं. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवा’ यात पाठवणं एकदाच घडतं आणि शुक्रवार ही मुदत आहे. तिथे ‘बाय फ्रायडे’. ‘शुक्रवारपर्यंत कार्यालय बंद राहील’ यात बंद राहणं सलग चालू आहे. तिथे ‘अंटिल फ्रायडे’ किंवा ‘टिल फ्रायडे’. ‘सेंड द रिपोर्ट अंटिल फ्रायडे’ लिहिलंत, तर शुक्रवार उजाडेपर्यंत अहवाल पाठवतच राहा, असा अर्थ निघतो. नकारात मात्र एकदाच घडणाऱ्या क्रियेलाही ‘अंटिल’ लागतं : ‘डोंट सेंड इट अंटिल फ्रायडे’, म्हणजे शुक्रवारच्या आधी पाठवू नका.

प्रश्न : ‘डिस्कस अबाउट’ चूक, पण ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर. हे काय गौडबंगाल आहे?

शब्दयोगी अव्यय कोणतं लागणार, हे बऱ्याचदा त्याच्या आधीचा शब्द ठरवतो. शब्दाची जात बदलली की अव्ययही बदलतं, किंवा गळूनच जातं. ‘डिस्कस’ हे क्रियापद आपलं कर्म थेट घेतं : ‘वी डिस्कस्ड द प्लॅन’. ‘डिस्कशन’ हे नाम आहे, त्याला कर्म घेता येत नाही, म्हणून मध्ये ‘अबाउट’ किंवा ‘ऑफ’ येतं. ‘रिक्वेस्ट’, ‘डिमांड’ आणि ‘ऑर्डर’ नाम असतील तर पुढे ‘फॉर’. क्रियापद असतील तर काही नाही. ‘एम्फसिस ऑन’, पण ‘एम्फसाइझ’नंतर ‘ऑन’ नको.

आपण इथेच का अडखळतो, याचं कारण मराठीच्या घडणीत आहे. आपण ‘चर्चा करणे’, ‘मागणी करणे’, ‘भर देणे’ असं नाम धरून क्रियापद बनवतो. डोक्यात नाम असतं, म्हणून त्याचं अव्ययही सोबत येतं.

पण सगळीकडे कात्री चालवू नका. ‘मला समजावून सांगा’चं ‘एक्सप्लेन मी’ होत नाही. ‘एक्सप्लेन इट टू मी’ होतं. ‘रीच द स्टेशन’ला काही लागत नाही, तर ‘अराइव्ह’ला स्टेशनसाठी ‘ॲट’ आणि शहरासाठी ‘इन’ लागतं. ‘टू’ कधीच नाही. ‘एंटर द रूम’, पण करार करायचा असेल तर ‘एंटर इंटू ॲन अग्रीमेंट’. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या कोशात अर्थाशेजारी ही अव्ययं ठळक छापलेली असतात. नुसता अर्थ पाहून कोश मिटू नका.

प्रश्न : ‘पेक्षा’ला नेहमी ‘दॅन’च ना?

बहुतेक वेळा. पण ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे लॅटिनमधून तयार तुलनारूपातच आलेले शब्द ‘टू’ घेतात : ‘शी इज सीनियर टू मी’. ‘प्रिफर’लाही ‘टू’ : ‘आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग’. मात्र ‘प्रिफर टू वॉक’ अशी सुरुवात केलीत, तर पुढे ‘रादर दॅन ड्राइव्ह’ लिहा, नाहीतर ‘टू’ची गर्दी होते.

प्रश्न : पत्राच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ की ‘मीटिंग यू’?

‘मीटिंग यू’. ‘टू’नंतर ‘इट’ ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ चालतं, म्हणजे हा ‘टू’ शब्दयोगी आहे आणि त्यापुढे ‘आयएनजी’चं रूप हवं. ‘वाँट टू इट’ चालत नाही, म्हणून ‘वाँट टू मीट’.

प्रश्न : वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययाने करू नये, हे खरं का?

नाही. इंग्रज कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२मध्ये आधीच्या पिढीतले नाटककार बेन जॉन्सन यांच्या लेखनातल्या अशा शेवटांना नावं ठेवली होती; तेव्हापासून ही धास्ती चालत आली आहे. ‘द पीपल आय वर्क विथ’ हे निर्दोष इंग्रजी आहे. फारच औपचारिक मजकूर असेल तर ‘विथ हूम आय वर्क’ करा.

आपली खरी चूक उलटी असते : शेवटी हवं असलेलं अव्यय आपण गाळतो. ‘बसायला खुर्ची’, ‘लिहायला पेन’ यांत मराठीला ‘वर’ किंवा ‘ने’ लागत नाही. इंग्रजीत मात्र ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ पेन टू राइट विथ’. अपवाद ‘प्लेस’चा : ‘अ प्लेस टू लिव्ह’ पुढे ‘इन’ नसलं तरी कोणी हरकत घेत नाही.