काट्यावर संगणक एक, पाळ्या तीन

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर विंडोज ११ प्रोचा एक संगणक आहे. तिन्ही पाळ्यांचे कारकून एकाच ॲडमिन खात्यावर बसत. कोणी गेम टाकायचे, कोणी वेळ बदलायचे, म्हणून मी तिघांना वेगवेगळी स्टँडर्ड (मर्यादित अधिकारांची) खाती काढून दिली. आता पहिल्या पाळीत झालेली वजने दुसऱ्या पाळीला दिसतच नाहीत. काट्याचे सॉफ्टवेअर जुने आहे. डेटा उडाला का? पुन्हा सगळ्यांना ॲडमिन करावे का?

उत्तर : डेटा बहुधा उडालेला नाही आणि ॲडमिन तर मुळीच करू नका. वेगळी खाती काढलीत ते बरोबरच केले. अशा जुन्या सॉफ्टवेअरची एक खोड असते : ते आपला डेटा 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या स्वतःच्या फोल्डरमध्येच लिहिते. स्टँडर्ड खात्याला तिथे लिहायची परवानगी नसते. सॉफ्टवेअर बंद पडू नये म्हणून विंडोज गुपचूप त्या फाइलची प्रत वापरणाऱ्याच्या खात्यात काढते आणि पुढच्या नोंदी तिकडे वळवते. ती जागा अशी : सी ड्राइव्ह, यूजर्स, त्या खात्याचे नाव, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. ॲपडेटा लपवलेले असते, तेव्हा फाइल एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करून बघा.

फाइली तिथे सापडल्या, तर आज तुमच्याकडे डेटाच्या चार प्रती आहेत : एक मूळ आणि पाळीगणिक एक. तिन्ही प्रती एकाच मूळ फाइलवरून निघाल्या, त्यामुळे पावती क्रमांकही एकाच आकड्यापासून पुढे गेलेले असणार. एकच क्रमांक दोन-तीन गाड्यांना पडला आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. उसाचे बिल त्या वजनावर निघते.

आता दुरुस्ती. तिन्ही खाती साइन आउट करा. नुसते लॉक करून चालणार नाही. ॲडमिनने शिरून चारही प्रती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये डेटाचा जो उपफोल्डर असेल तेवढ्यावरच राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट असे जा आणि 'यूजर्स' गटाला 'मॉडिफाय' द्या. अख्ख्या फोल्डरला देऊ नका, नाहीतर मुख्य प्रोग्रामची फाइलही कोणाला बदलता येईल.

नोंदी एकत्र करताना घाई नको. रोजची वेगळी फाइल बनत असेल आणि दोन पाळ्यांनी एकाच नावाची फाइल लिहिलेली नसेल, तरच नुसत्या कॉपीने काम भागते. डीबीएफ किंवा ॲक्सेस अशा डेटाबेसची एकच मोठी फाइल असेल तर एका पाळीची प्रत मूळ फाइलवर चढवली की बाकी दोन पाळ्या पुसल्या जातात. तिथे सॉफ्टवेअरवाल्याकडून नोंदी जोडून घ्या किंवा छापील पावत्यांवरून भरा. शेवटी व्हर्च्युअलस्टोअरमधल्या प्रती काढून टाका. ही पायरी हमखास राहते. परवानगी दिली तरी वाचताना विंडोज आधी खात्यातली प्रत बघते आणि पुन्हा जुनाच डेटा समोर येतो.

हा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून लोकल सिक्युरिटी पॉलिसी या विंडोजच्या सुरक्षा-नियमांच्या खिडकीत लोकल पॉलिसीज, सिक्युरिटी ऑप्शन्स इथे जाऊन 'यूजर अकाउंट कंट्रोल : व्हर्च्युअलाइझ फाइल अँड रजिस्ट्री राइट फेल्युअर्स...' हे 'डिसेबल्ड' करा. पुढे कुठे परवानगी कमी पडली तर सॉफ्टवेअर तिथल्या तिथे एरर देईल. गुपचूप दुसरीकडे लिहिण्यापेक्षा ती एरर परवडली.

काट्यावर आणखी दोन गोष्टी सांभाळा. पहिल्या पाळीने स्क्रीन लॉक केली आणि दुसऱ्याने 'स्विच यूजर'ने लॉगिन केले, तर पहिल्याचे सॉफ्टवेअर मागे चालूच असते. इंडिकेटर म्हणजे काट्याचे वजन दाखवणारे यंत्र. ते संगणकाला ज्या कॉम पोर्टने जोडलेले असते तो त्यानेच धरलेला असतो आणि दुसऱ्याला वजन येत नाही. मग केबलवर, कन्व्हर्टरवर संशय जातो. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायचे साधन) कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम, लॉगॉन इथले 'हाइड एंट्री पॉइंट्स फॉर फास्ट यूजर स्विचिंग' चालू करा आणि पाळी सुटताना साइन आउट सक्तीचे करा. दुसरी गोष्ट वेळेची. स्टँडर्ड खात्याला घड्याळ बदलता येत नाही, पण टाइम झोन बदलता येतो, आणि तेवढ्यानेही पावतीवरची वेळ सरकते. लोकल पॉलिसीजखालच्या यूजर राइट्स असाइनमेंटमधल्या 'चेंज द टाइम झोन'मधून 'यूजर्स' काढा. 'लोकल सर्व्हिस' तसेच राहू द्या.

मोठे बदल मात्र गळीत हंगाम संपल्यावर. भर हंगामात गाड्यांची रांग लागलेली असताना असले प्रयोग नकोत.

प्रश्न : आमचे सीएचे कार्यालय आहे. सगळ्यांना स्टँडर्ड खाती देऊनही मुले नवे ब्राउझर आणि गेम टाकतातच. हे कसे? आणि पेन ड्राइव्ह बंद केले तर डिजिटल सहीचे टोकन चालेल का?

उत्तर : स्टँडर्ड खात्याला 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये काही टाकता येत नाही, पण स्वतःच्या ॲपडेटात येते. ॲडमिनचा पासवर्ड मिळाला नाही तर क्रोमही तिथेच बसतो. यावर उपाय ॲपलॉकर, म्हणजे कोणते प्रोग्राम चालू द्यायचे हे ठरवणारी विंडोजची सोय. पूर्वी तो एंटरप्राइझसारख्या मोजक्या आवृत्त्यांपुरता होता, आता अद्ययावत विंडोज ११ प्रोवरही चालतो. लोकल सिक्युरिटी पॉलिसीत ॲप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीजखाली सापडेल. एक्झिक्युटेबल आणि पॅकेज्ड ॲप या दोन्हींवर 'क्रिएट डिफॉल्ट रूल्स' करा. दुसरे विसरलात तर स्टोअरची ॲप आणि स्टार्ट मेन्यूसुद्धा अडकतात. विंडोज फोल्डरमधल्या टेम्पमध्ये सर्वांना लिहिता येते, म्हणून मुभा देणाऱ्या नियमातून तेवढी जागा अपवाद म्हणून वगळा. थेट सी ड्राइव्हवर टाकलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला फोल्डरच्या पत्त्यावरून मुभा देऊ नका, कारण तिथे सहसा कोणालाही फाइल टाकता येते. पब्लिशरच्या सहीवरून द्या. सही नसेल तर हॅशवरून (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा खास ठसा), पण मग प्रत्येक अपडेटला हॅश नवा घ्यावा लागेल.

'ॲप्लिकेशन आयडेंटिटी' सेवा चालू नसेल तर यातले काहीच लागू होत नाही. आधी एक-दोन आठवडे 'ऑडिट ओन्ली'वर (अडवायचे नाही, नुसती नोंद करायची) ठेवा आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ८००३ क्रमांकाच्या नोंदी बघा : उद्या काय अडेल ते त्यात दिसते. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या तोंडावर हे सुरू करू नका.

सहीचे टोकन स्मार्टकार्ड म्हणून चालते, त्यामुळे पेन ड्राइव्ह बंद केल्यावरही सही होते. मात्र बऱ्याच टोकनांतला ड्रायव्हर सीडीसारखा दिसतो. तो ॲडमिनने आधीच टाकून घ्यावा. अशिलांचा डेटा पेन ड्राइव्हवर येत असेल तर वाचायला मुभा ठेवून 'रिमूव्हेबल डिस्क्स : डिनाय राइट ॲक्सेस' तेवढे लावा. मोबाइल त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी 'डब्ल्यूपीडी डिव्हाइसेस' वेगळे नाकारा. हे दोन्ही एमएमसीत (मायक्रोसॉफ्ट मॅनेजमेंट कन्सोल) ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर घेऊन ब्राउझ, यूजर्स, 'नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स' निवडून लावा, म्हणजे ॲडमिन मोकळा राहतो.

प्रश्न : दवाखान्याच्या रिसेप्शनवर विंडोज होम आहे. ग्रुप पॉलिसी उघडतच नाही. इंटरनेटवर ती चालू करणारी एक फाइल मिळते, ती वापरू का?

उत्तर : नको. ती कोणी बनवली हे कळायला मार्ग नाही, आणि ती ॲडमिन म्हणून चालवावी लागते. स्टँडर्ड खाते होमवरही मिळते, ते आजच करा. बाकी हवे असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन इथून प्रो घ्या. फॉरमॅट करावे लागत नाही.