गाडीघोडं : थार पाहिजे, पण वावरापर्यंत पोचते कोणती?

या महिन्यात पत्रं लय आली अन् बहुतेक सगळी स्वप्नातल्या गाडीवर. सोयाबीन घरी आलं, पहिली वेचणी झाली, हातात जरासा पैसा दिसला की दरवर्षी हे होतेच. मी तीस वर्षं गॅरेज चालवलं, बंडीच्या आसापासून बोलेरोच्या गिअरबॉक्सपर्यंत सगळं हातून गेलं, त्यामुळे खाली जे सांगतो ते त्या अनुभवातून. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं कोणाचीच देत नाही.

भाऊ, माझं वय २६. साडेपाच एकर कोरडवाहू, कापूस-तूर-सोयाबीन. मी तालुक्याले एका दुकानात कामाले आहो, घरी २०१४ ची स्प्लेंडर आहे. मले थार घ्याची आहे, काळी. २०२० पासून डोक्यात तेच आहे. बाबा म्हणते घ्याचीच तर जुनी बोलेरो घे, घरचे सगळे तरी बसतीन. आई म्हणते आधी घर बांध. थारनं वावरात पण जाता येते असं मी त्याहिले सांगून राहिलो. बारा लाख लोन होते म्हणते, वावर तारण ठेवा लागीन. काय करू? — एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

दादा, पहिले हे सांगतो की थार आवडणं यात काहीच चूक नाही, मलाही आवडते. महिंद्रानं १९४७ पासून आपल्या देशात जीप जोडायला सुरुवात केली अन् तेव्हापासून आपल्या गावांत गाडी म्हणजे जीपच होती, डॉक्टर आला तर जीपनं, इलेक्शनवाले आले तर जीपनं, बाजाराला काळीपिवळीत कोंबून गेलो तर तीही जीपच. नवीन थार २ ऑक्टोबर २०२० ला आली तेव्हा तुझ्यासारख्या हजारो पोट्ट्यांना वाटलं की ही आपली गाडी आहे, ते त्या जुन्या ओळखीमुळेच. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच, ६५० मिलिमीटर पाण्यातून निघते असं कंपनी सांगते, गाडी दमदार आहे यात वाद नाही.

पण तू बाबाला एक थार सांगून राहिला अन् लोन दुसऱ्या थारचं काढून राहिला. नीट वाच. थार डिझेलमध्ये दोन जातीची येते. एक १.५ लिटर इंजिनची, तिच्यात फक्त मागच्या चाकाला ताकद जाते, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद नाहीच. दुसरी २.२ लिटरची, तिच्यात फोर बाय फोर मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, चार मीटरच्या आत लांबी अन् डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत असेल तर १८ टक्के, त्याच्या वर गेलं की ४० टक्के, म्हणून या दोन थारच्या किमतीत मोठं अंतर आहे. बारा लाखाच्या लोनवाली बहुतेक पहिलीच असणार. अन् वावरात जाण्याची जी गोष्ट तू करतो ती दुसरीची. शोरूमवाला हे स्वतःहून सांगेलच असं नाही, तू विचार.

आता वावराचं. आपली काळी माती ओली झाली की फुगते अन् चिकटते, पायातल्या चपलेला चिकटते तशीच टायरच्या खाचांत बसते. एकदा खाचा भरल्या की टायर गुळगुळीत गोट्यासारखं होते, मग गाडी किती उंच आहे अन् चार चाकं फिरतात की दोन, याचा उपयोग फार कमी राहते, चारही चाकं फिरतात अन् गाडी जागेवर बसते. ट्रॅक्टर निघतो कारण त्याच्या मागच्या चाकाचे ते उंच तिरपे दात माती कापत अन् फेकत जातात. मी स्वतः जुलै-ऑगस्टात पांदणीत फसलेल्या फोर बाय फोर गाड्या ट्रॅक्टर लावून ओढून काढल्या आहेत, एक नाही, कितीतरी. त्यामुळे पावसाळ्यात वावरात तुझी थारही जाणार नाही, बोलेरोही नाही, अन् स्प्लेंडर धुऱ्याच्या अलीकडे डांबरीवर उभी करून चप्पल हातात घेऊनच तू जाशील जसा आता जातो. दिवाळीनंतर जमीन टणक झाली की तिन्ही जातील.

मग हिशोब. बारा लाख, सात वर्षं, दहा टक्के व्याज धरलं तर हप्ता जवळपास १९,९०० रुपये महिना. वर्षाचे झाले दोन लाख एकोणचाळीस हजार. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे, म्हणजे साडेएकोणतीस क्विंटल कापूस दरवर्षी फक्त हप्त्यात. कोरडवाहूत तुला एकरी किती होते ते तुलाच माहीत, पाच-सहा क्विंटल धरले तर तुझ्या अख्ख्या वावरात कापूस लावून, बियाणं-खत-फवारणी-वेचणीची मजुरी एक रुपया न धरता, तो सगळा कापूस बँकेत गेला. डिझेल अजून धरलं नाही, विमा नाही, १८ इंची टायर नाहीत. अन् सात वर्षांत एक वर्ष तरी बोंडअळीचं नाहीतर पावसानं झोपवलेलं निघतेच, त्या वर्षीही हप्ता थांबत नाही. वावर तारण ठेवू नको दादा. हे मी हात जोडून सांगतो, माझ्या डोळ्यासमोर दोन घरं यातून गेली आहेत.

बाबा म्हणतात ते बोलेरोचं मला पटते. २००० साली आली, आजही नाशिकला बनते, १४९३ सीसी, ७५ हॉर्सपॉवर, सात जण बसतात, जमिनीपासून उंची १८० मिलिमीटर म्हणजे थारपेक्षा कमीच, पण १५ इंची टायर, अन् तिचं काम येणारा मेकॅनिक प्रत्येक तालुक्याला सापडते. या शेवटच्या गोष्टीची किंमत मला फार उशिरा कळली. २०१२ मध्ये मी नागपुरातल्या एका डीलरकडून एक मोठी जुनी एसयूव्ही घेतली होती, नाव नको, लय हौसेनं घेतली, अन् चौथ्या महिन्यात एका छोट्याशा सेन्सरसाठी ती एक्केचाळीस दिवस माझ्याच गॅरेजात उभी राहिली, पार्ट येतो येतो म्हणत. त्या एक्केचाळीस दिवसांत आईला अकोल्याला दवाखान्यात न्यायचं होतं अन् मी शेजाऱ्याची ओम्नी मागून नेली. गाडी महाग पडते ती अशी, उभ्या उभ्या.

माझं म्हणणं असं आहे की आजपासून दर महिन्याला दहा हजार आरडीत टाक, दोन वर्षं, मधात न मोडता. जमलं तर दोन लाख चाळीस हजार अन् वर व्याज हातात येते अन् हप्ता आपल्याच्यानं भरणं होते की नाही हेही कळते. जुनी बोलेरो पाहताना चेसिसला खालून गंज, मागच्या डिफरन्शियलचा (मागच्या आसातल्या गिअरच्या गोळ्याचा) आवाज अन् सकाळी थंड इंजिन सुरू करून निघणारा धूर, हे तीन पाह्य. अन् थारची हौस आहे ना, नागपूरला सेल्फ-ड्राइव्हवर भाड्यानं मिळते. काळ्या पाटीवर पिवळे अक्षर असलेलीच घे, पांढऱ्या पाटीची कोणाची खाजगी गाडी भाड्यानं घेतली अन् काही झालं तर विमावाले हात वर करू शकतात. आई-बाबांना बसवून माहूरला जाऊन ये. आईला मागच्या सीटवर चढायला किती त्रास होते तेही त्या दिवशी कळेल, तीन दरवाजांची आहे ती.

काका, मी नववीत आहे. आमच्या गावापासून समृद्धी जवळ आहे. लॅम्बोर्गिनी पहिले ट्रॅक्टर बनवायची हे खरं आहे का, वर्गात कोणी मानत नाही. अन् ती समृद्धीवर किती पळेल? — ता. मेहकर, जि. बुलढाणा

शंभर टक्के खरं आहे, वर्गात वाचून दाखव. फेरुचिओ लॅम्बोर्गिनी हा इटलीतल्या शेतकऱ्याचा पोरगा. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या गाड्यांचं सामान पडून होतं, त्यातून त्यानं ट्रॅक्टर बनवले, १९४८ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली अन् मोटारीचा कारखाना काढला तो १९६३ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. आजही त्या नावाचे ट्रॅक्टर निघतात, फक्त ती कंपनी वेगळी आहे. अन् गाडीवरच्या चिन्हात बैल आहे बेटा! फेरुचिओची रास वृषभ होती म्हणून बैल घेतला, अन् पुढे त्यांच्या कितीतरी गाड्यांना झुंजीतल्या बैलांची नावं दिली, अॅव्हेंटाडोर हे एका बैलाचंच नाव. पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो अन् तिकडे जगातल्या सर्वात महागड्या गाड्यांत मोजली जाणारी गाडी बैलाचं नाव लावून फिरते, मला हे फार आवडते.

अॅव्हेंटाडोरचं इंजिन साडेसहा लिटरचं, बारा सिलिंडर, वेग ताशी ३५० पर्यंत. समृद्धी नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर आहे, पण कारला मर्यादा ताशी १२०. म्हणजे लॅम्बोर्गिनी अन् तुझ्या मामाची डिझायर तिथे कायद्यानं एकाच वेगानं जातील. अन् इंटरचेंजवरून उतरून गावाकडे वळली की पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट टेकेल, जमिनीपासून सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास असते ती. हो, मोटरसायकल अन् ट्रॅक्टर समृद्धीवर न्यायला बंदी आहे, मोठ्या भावाला सांगून ठेव.

आमच्याकडे लग्नाला ट्रॅक्टर-ट्रॉलीनं माणसं नेतात, मोठी गाडी परवडत नाही. चालते का? — ता. नागभीड, जि. चंद्रपूर

नाही चालत. ट्रॅक्टरवर सीट एकच असते, ड्रायव्हरची, अन् शेतीच्या ट्रॉलीत बसलेल्या माणसाला विमा धरत नाही. ट्रॉलीला अनेकदा ब्रेक नसतो, मागचा लाइट नसतो, वळणावर कठडा धरून बसलेली बायामाणसं अन् लेकरं एका बाजूला सरकली की ट्रॉली पलटते. चार घरं मिळून एक ट्रॅव्हल्स करा, दोन फेऱ्यांत माणसं न्या, वऱ्हाड कमी न्या, पण ट्रॉली नको. अन् निदान आज रात्रीच ट्रॉलीच्या मागे लाल रेडियम चिकटवा, अंधारात कापसाच्या ट्रॉलीखाली घुसलेल्या मोटरसायकली मी पाहिल्या आहेत.

माझं वय ६८. आमच्या जवानीत स्वप्नातली गाडी म्हणजे दमणी, घुंगरं लावलेली जोडी अन् पाहुण्याच्या गावाले जाणं. आता पोरगा म्हणते बैलजोडी विका अन् छोटा हत्ती घेऊ. — ता. दर्यापूर, जि. अमरावती

काका, पत्र वाचून मला आमच्या मोठ्या बाबांची दमणी आठवली, तिच्या साट्यावर अंथरलेली गादी अन् बैलांच्या पाठीवरची झूल, लग्नाच्या बोलणीत लोक जोडी पाहून घराचा अंदाज घेत. टाटा एस २००५ मध्ये आली अन् लोकांनीच तिला छोटा हत्ती म्हटलं, कामाची गाडी आहे ती. पण पोराला एकच विचारा, वर्षातले किती दिवस भाड्याचा माल मिळेल? बाजार, दूध, भाजीपाला, असं ठरलेलं भाडं आधी हातात असेल तर घ्या, फक्त घरचा कापूस न्यायला नका घेऊ. अन् तशीही घेतली तरी जोडी लगेच विकू नका. तुमच्या पट्ट्यातल्या भारी काळ्या जमिनीत पाऊस झाल्यावर वापसा येताच डवरणी करायला बैलच लवकर आत जातात, तेव्हा दुसऱ्याच्या जोडीसाठी थांबलात तर गवत वर येते.

भाऊ, मी अंगणवाडीत आहे. घरी २०१० ची ओम्नी आहे, संत्रं न्यायला घेतली होती. लोकं फॉर्च्युनरचं स्वप्न पाहतात, माझं एवढंच आहे की ही ओम्नी मी स्वतः चालवावी अन् माझ्या आईला घेऊन अमरावतीला जावं. घरचे म्हणतात तुले काहून पाहिजे. वय ४१, उशीर झाला का? — ता. वरुड, जि. अमरावती

ताई, अजिबात उशीर नाही झाला, अन् या महिन्यातलं मला सर्वात आवडलेलं पत्र तुमचं आहे. घरी गाडी उभी आहे अन् चालवणारा बाहेरगावी आहे म्हणून बाई दवाखान्यासाठी ताटकळत बसली, हे आपल्याकडे रोज होते.

आधी कागद. ओम्नीला पंधरा वर्षं झाली, त्यामुळे आरटीओत तपासणी करून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घ्या, विमा अन् पीयूसी चालू आहे का ते पाहा, याशिवाय गाडी रोडवर काढू नका. तुम्ही लर्निंग लायसन्स काढा, ते सहा महिने चालते, तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. तोपर्यंत शेजारी लायसन्सवालं माणूस पाहिजे अन् गाडीला पुढे-मागे लाल एल.

ओम्नी शिकायला बरी आहे कारण पुढे बोनेट नाही, काचेतून समोरचा रोड लगेच दिसते. पण त्याच कारणानं समोरून धडक बसली तर तुमच्या पायांसमोर पत्र्याशिवाय काही नाही, म्हणून ५०-६० च्या वर नेऊच नका अन् सीटबेल्ट लावाच. पॉवर स्टिअरिंग नाही, उभ्या गाडीचं स्टिअरिंग ओढाल तर खांदे दुखतील, चाक जरासं हलू द्या मग वळवा. टायर बाहेरून चांगले दिसले तरी बाजूला चार आकडे कोरलेले असतात ते वाचा, ३२१८ असेल तर २०१८ चा बत्तिसावा आठवडा, सहा वर्षांच्या वरचं टायर बदला.

पहिले आठ दिवस सकाळी सहाला, सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात फक्त क्लच सोडणं अन् थांबणं, बाकी काही नाही. मग गावचा रोड, मग वरुडचा बाजार, पण बाजाराच्या दिवशी नाही. अमरावती शेवटी. आईला नेलं की मला पत्र टाका, कोणत्या तारखेला गेलात ते लिहा.